औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण काय सांगतो? लाल, पिवळा, निळा, हिरवा आणि एमआयडीसीतल्या ड्रमवरची नऊ चिन्हं

खरीप असो की रब्बी, कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या प्रत्येक औषधाच्या डब्यावर एक रंगीत खूण असते. दर वाचला जातो, एकरी प्रमाण विचारलं जातं, पण ही खूण बघून पंप भरणारे कमीच. बघितली तरी ‘हिरवा आहे, काय होत नाही’ एवढ्यावर विषय संपतो.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. ही माणसं औषध प्यायली नव्हती. उंच वाढलेल्या कपाशीत फवारताना अंगावर उडालेलं, श्वासातून गेलेलं औषध त्यांना बाधलं. त्यानंतर हातमोजे, मास्क यांची चर्चा भरपूर झाली. डब्यावरची खूण वाचायची कशी, हे मात्र आजही अनेकांना कोणी नीट सांगितलेलं नाही.

हीच अडचण एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरांची. ड्रमवर लाल चौकटीत कवटी, ज्योत किंवा मेलेला मासा असतो. ड्रम हलवणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत नसतो, आणि रिकामा झालेला तोच ड्रम पुढे गावच्या बाजारात पाण्यासाठी विकायला येतो.

डब्यावरची खूण कशी वाचायची?

आपण तिला त्रिकोण म्हणतो. खरं तर तो टोकावर उभा केलेला चौकोन असतो, पतंगासारखा. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. या नियमांप्रमाणे ही खूण लेबलच्या दर्शनी भागाच्या किमान सोळाव्या हिश्श्याएवढी मोठी असावी लागते. चौकोनाचे दोन भाग असतात. वरच्या अर्ध्यात शब्द किंवा कवटी, खालच्या अर्ध्यात रंग. दोन्ही मिळून वाचायचं.

लाल: अतिशय विषारी. वर कवटी, त्याखाली दोन आडवी हाडं आणि लाल अक्षरात ‘पॉयझन’ म्हणजे विष.

पिवळा: खूप विषारी. वर लाल अक्षरात ‘पॉयझन’ असतं, पण कवटी नसते.

निळा: मध्यम विषारी. वर ‘डेंजर’ म्हणजे धोका.

हिरवा: त्यामानाने कमी विषारी. वर ‘कॉशन’ म्हणजे सावधान.

या चारात ‘सुरक्षित’ असा रंग एकही नाही. हिरव्यावरही ‘सावधान’च लिहिलेलं असतं.

रंग ठरतो कशावरून?

प्रयोगशाळेत जनावरांवर चाचणी होते. शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विष पोटात गेलं तर निम्मी जनावरं मरतात, तो आकडा काढला जातो. आकडा जितका लहान, तितकं विष जहाल.

तोंडावाटे १ ते ५० मिलिग्रॅम पुरत असेल तर लाल. ५१ ते ५०० पर्यंत पिवळा. ५०१ ते ५,००० पर्यंत निळा. ५,००० च्या वर हिरवा. कातडीवाटे जाणाऱ्या विषासाठी वेगळे आकडे आहेत. तिथे लाल रंगाची हद्द २०० मिलिग्रॅमपर्यंत जाते.

म्हणजे हा रंग एकाच गोष्टीचं उत्तर देतो: एका वेळी शरीरात गेलं तर किती लवकर जीवावर बेतेल? बाकीच्या प्रश्नांचं उत्तर त्यात नाही. चूक होते ती इथेच.

रंग काय सांगत नाही?

पहिली गोष्ट, वर्षानुवर्षांचा परिणाम. द्राक्ष, टोमॅटो, बटाटा, डाळिंब या पिकांत सर्रास वापरलं जाणारं मॅन्कोझेब हे बुरशीनाशक हिरव्या खुणेचं. एका वेळच्या विषबाधेच्या दृष्टीने ते खरंच कमी जहाल आहे. पण युरोपियन युनियनने डिसेंबर २०२० मध्ये त्याच्या परवानगीचं नूतनीकरण नाकारलं. कारणांमध्ये पोटातल्या बाळावर होणारा परिणाम आणि शरीरातल्या संप्रेरकांमध्ये होणारी ढवळाढवळ ही प्रमुख होती. हिरवी खूण बघून गरोदर बाई फवारणीचं पाणी कालवत असेल, तर त्या खुणेने तिला हे सांगितलेलं नसतं.

दुसरी गोष्ट, उतारा आहे की नाही. पॅराक्वॉट हे तणनाशक पिवळ्या खुणेचं, म्हणजे लालपेक्षा एक पायरी खाली. पण ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. एक घोटही जीव घ्यायला पुरतो, आणि सुरुवातीला माणूस बरा दिसला तरी पुढच्या काही दिवसांत फुप्फुसं आणि मूत्रपिंड निकामी होत जातात. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवलेलं तणनाशक चुकून प्यायलं जाणं ही म्हणूनच सर्वांत घातक चूक आहे.

तिसरी गोष्ट, दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळल्यावर काय होतं. प्रत्येक डब्यावरची खूण त्या एका औषधापुरती असते. पंपात तयार झालेल्या मिश्रणाला खूणच नसते. अशा वेळी त्यातल्या सर्वांत जहाल डब्याचा रंग धरून काळजी घ्यावी. पत्रकात लिहिलेलं नसेल तर औषधं एकत्र करूच नयेत.

चौथी गोष्ट, काही औषधांच्या खास अटी. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते कातडीला भाजतं हे मजुरांना ठाऊक असतं. पण ते लावण्याच्या आधी किंवा नंतरच्या दिवसांत दारू घेतली तर चेहरा लाल होणे, छातीत धडधड, रक्तदाब उतरणे असा त्रास होतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ही माहिती खुणेत नसते. ती सोबतच्या पत्रकात असते.

धान्यात ठेवण्याच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचंही तसंच. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि त्यावरही उतारा नाही. या गोळ्यांचा वापर सरकारी यंत्रणा आणि कीड नियंत्रण करणाऱ्यांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचा, असा नियम आहे. घरात, झोपायच्या खोलीशेजारच्या कणगीत किंवा पोत्यात त्या कधीच ठेवू नयेत.

एमआयडीसीतल्या ड्रमवरची नऊ चिन्हं

कारखान्यातल्या रसायनांसाठी संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये एक जागतिक पद्धत प्रसिद्ध केली. त्यात नऊ चिन्हं आहेत. टोकावर उभा चौकोन, कड लाल, आत पांढऱ्यावर काळं चित्र. इथे रंग बघायचा नाही. कड सगळ्यांची लालच असते, अर्थ आतल्या चित्रात असतो.

१. ज्योत: लगेच पेट घेणारं. थिनर, पेट्रोल, स्पिरिट. जवळ विडी, वेल्डिंग, ग्राइंडरची ठिणगी नको.

२. गोलावर ज्योत: हे दुसऱ्याची आग भडकवतं. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, अमोनियम नायट्रेट. डिझेल, भुसा, गोणपाट यांच्याजवळ ठेवू नये.

३. फुटणारा गोळा: स्फोटक. विहिरीच्या आणि खाणीच्या सुरुंगाचं सामान.

४. सिलिंडर: दाबाखाली भरलेला वायू. ऑक्सिजन, अमोनिया, क्लोरीन. उन्हात ठेवू नये, आडवा गडगडवत नेऊ नये.

५. कवटी आणि हाडं: थोडंसंही जीवघेणं. पोटातून, कातडीतून किंवा श्वासातून.

६. हातावर आणि पत्र्यावर ओघळणारा थेंब: कातडी जाळणारं, डोळा घालवणारं, धातू खाणारं. बॅटरीचं अ‍ॅसिड, कॉस्टिक सोडा.

७. उद्गारचिन्ह: कातडी, डोळे, घसा चुरचुरणं, अ‍ॅलर्जी, गुंगी. पाचव्या आणि सहाव्यापेक्षा सौम्य, पण दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

८. माणसाच्या छातीवर चांदणी: हळूहळू होणारं गंभीर नुकसान. कर्करोग, दमा, मूल होण्यात अडचण, फुप्फुस किंवा यकृतावर परिणाम. बेन्झीन हे त्याचं उदाहरण.

९. वाळलेलं झाड आणि मेलेला मासा: पाण्यातल्या जीवांना घातक. ओढा, नाला, विहीर यांच्याजवळ सांडू नये.

यातलं आठवं चिन्ह सर्वांत फसवं. त्या ड्रमजवळ काम करताना आज काही होत नाही. डोळे चुरचुरत नाहीत, चक्कर येत नाही, म्हणून मास्क काढून ठेवला जातो. त्रास दहा-पंधरा वर्षांनी दिसला की तोवर नोकरी बदललेली असते आणि कशामुळे झालं हे सांगणारं कोणी राहत नाही.

जुन्या ड्रमवर कधी नारिंगी चौकोनात काळी चित्रं दिसतात. ती युरोपातली जुनी पद्धत. चित्रं बरीचशी तीच, अर्थही तोच.

टँकरवर तोच रंग, अर्थ वेगळा

रस्त्याने जाणाऱ्या टँकरवरही पतंगाच्या आकाराची पाटी असते. तिथले रंग औषधाच्या डब्यासारखे वाचले तर घात होतो. टँकरवर लाल म्हणजे पेट घेणारं. पिवळं म्हणजे आग भडकवणारं. निळं म्हणजे पाणी लागलं की पेटणारा वायू सोडणारं. हिरवं म्हणजे दाबाखालचा, पण न पेटणारा वायू. अर्धं पांढरं, अर्धं काळं म्हणजे अ‍ॅसिडसारखं भाजणारं. पांढऱ्यावर कवटी म्हणजे विष.

पाटीवर चार आकडी नंबरही असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल. १००५ म्हणजे अमोनिया. १०१७ म्हणजे क्लोरीन. १८३० म्हणजे सल्फ्युरिक अ‍ॅसिड. टँकर उलटलेला दिसला तर कॅन घेऊन धावू नये. वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूला, लांब जावं आणि ११२ वर फोन करून पाटीवरचा नंबर सांगावा. अग्निशमन दलाला पाणी मारायचं की नाही, हे त्या नंबरावरून कळतं.

चिन्ह डब्यावर असतं, औषधाला नसतं

वरचं सगळं कामाचं आहे ते औषध मूळ डब्यात असेपर्यंतच. दुकानातून सुटं आणलेलं औषध, शेजाऱ्याकडून बाटलीत मागून आणलेलं तणनाशक, पाण्याच्या बाटलीत काढलेलं थिनर, यांना रंगही नाही आणि कवटीही नाही. घरातल्या लहान पोराला ती पाण्याची किंवा सरबताची बाटली दिसते. म्हणून औषध कधीही दुसऱ्या बाटलीत काढू नये आणि सुटं विकत घेऊ नये. उरलेलं औषध त्याच डब्यात, झाकण घट्ट लावून, कुलपात ठेवावं.

रिकाम्या डब्याचंही तसंच. तीनदा खळखळून धुवावा आणि ते पाणी पंपातच ओतावं. नंतर डबा फोडून, पुन्हा वापरता येणार नाही असा करून, वस्ती आणि पाण्यापासून लांब पुरावा. डबा धुवायला विहिरीवर किंवा ओढ्यावर नेऊ नये. जाळूही नये, त्याचा धूर विषारी असतो.

बाजारातल्या निळ्या प्लास्टिक ड्रमबाबत एक साधा नियम पाळता येईल. ड्रमवर कवटी, ओघळणारा थेंब किंवा छातीवरची चांदणी असेल, तर तो पिण्याच्या पाण्याला, धान्याला, जनावरांच्या पेंडीला वापरू नये. लेबल खरवडून काढलेलं असेल तरीही घेऊ नये. आत काय होतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. प्लास्टिकमध्ये मुरलेलं रसायन साबणाने धुतल्याने पूर्ण निघत नाही.

घरात आणि शाळेत आणखी एक गोष्ट घडते. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये ब्लिचिंग पावडर टाकली की जास्त स्वच्छ होतं, असा समज आहे. या दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो छातीत भरला तर जीवावर बेतू शकतं.

कामगाराला माहिती मागता येते

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. हजारो माणसं मेली. कोणता वायू आहे आणि उपचार काय करायचा, हे वस्तीतल्या लोकांना ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांनाही नीट सांगितलं गेलं नव्हतं. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगारांना देणं मालकावर बंधनकारक झालं. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनी डब्यावर लेबल आणि सोबत माहितीपत्रक सक्तीचं केलं.

या माहितीपत्रकाला कारखान्यात ‘एसडीएस’ किंवा ‘एमएसडीएस’ म्हणतात. त्यात १६ भाग असतात. सगळे वाचायची गरज नाही. भाग २ मध्ये धोका काय आणि चिन्हं कोणती, भाग ४ मध्ये प्रथमोपचार, भाग ५ मध्ये आग कशी विझवायची, भाग ८ मध्ये कोणते मोजे आणि मास्क लागतात, हे असतं. ठेकेदाराकडून कामावर असलेल्यानेही सुपरवायझरकडे हे पत्रक मागावं. इंग्रजीत असेल तर चार नंबरचा भाग मराठीत समजावून घ्यावा.

विषबाधा झाली तर

फवारणी करताना किंवा नंतर डोकं दुखणं, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ सुटणं, अंधूक दिसणं, पोटात मुरडा, हातपाय थरथरणं, दम लागणं, यातलं काही झालं तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून झोपून राहू नये.

- माणसाला आधी फवारलेल्या जागेपासून लांब, मोकळ्या हवेत न्यावं.
- अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावं. मदत करणाऱ्याने हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी.
- डोळ्यात गेलं असेल तर किमान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवत राहावं. अ‍ॅसिडने भाजलं तरी पाणीच, दुसरं काही चोळू नये.
- मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी करवू नये. बेशुद्ध माणसाला तोंडाने काहीही देऊ नये. दूध, तूप, लिंबू हे उतारे नाहीत.
- १०८ वर फोन करावा. विषबाधेबद्दल सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७ आहे.
- औषधाचा डबा किंवा पत्रक सोबत दवाखान्यात न्यावं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. ‘फवारणीचं औषध होतं’ एवढ्यावर डॉक्टरांना उपचार ठरवता येत नाही. प्रत्येक गटाच्या विषाचा उपचार वेगळा आहे. ऑर्गेनोफॉस्फरस गटातल्या विषावर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन चालतं, पॅराक्वॉटवर ते कामाचं नाही. डब्यावर घटकाचं नाव असतं आणि पत्रकात उतारा लिहिलेला असतो.

मोबाइलचा एक उपयोग

लेबलवरची अक्षरं बारीक असतात, हातात डबा ओला असतो, चष्मा घरी राहिलेला असतो. त्यामुळे पंप भरायच्या आधीच डब्याचे दोन फोटो काढून ठेवावेत: एक पुढच्या बाजूचा, ज्यात रंगाची खूण आणि औषधाचं नाव आहे, दुसरा मागच्या मजकुराचा. फोटो मोठा करून वाचता येतो. तोच फोटो घरातल्या एका माणसाला पाठवून ठेवावा आणि कोणत्या शेतात फवारणी आहे तेही कळवावं. शेतात काही झालं आणि डबा सापडला नाही, तरी तो फोटो डॉक्टरांना दाखवता येईल.